रिकामा रकाना

"अहो, बटाट्यांवर उभ्या आहात!"

बसमधून उतरताना चिखल टाळायला म्हणून मी एका पोत्यावर पाय दिला होता. पोत्याचा मालक गुडघ्यापर्यंत मातीत माखून समोर उभा होता.

"बटाटेच आहेत ना? काचेची भांडी तर नाहीत," मी फणकारले.

"यंदा अजून एवढेच निघालेत. म्हणून जीव आहे त्यांच्यावर." तो हसला. "कुणाकडे आलात?"

"डोंगराच्या चौकीवर. माझा भाऊ..."

त्याचं हसू मावळलं. पोतं तिथंच टाकून त्यानं माझी बॅग उचलली.

भाऊ एकोणीस दिवसांपूर्वी एकटाच डोंगरात गेला होता. पायवाटेच्या तोंडाशी असलेल्या चौकीत एक नोंदवही होती. वर जाणाऱ्यानं नाव आणि वेळ लिहायची, खाली आल्यावर परतीची वेळ. भावाचं गिचमिड अक्षर मी लगेच ओळखलं. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. पुढचा रकाना रिकामा. त्याखाली बरीच नावं, आणि शेवटी शेवटी एकच नाव पुन्हा पुन्हा. वाटेत या बटाटेवाल्यानं सांगितलेलं, त्याचं स्वतःचं!

"रकाना रिकामा असेपर्यंत गावातलं कुणीतरी शोधायला जातंच," तो म्हणाला. "काढणी सुरू झाली आणि बाकीचे अडकले."

"आणि तुमची काढणी?"

"मला वाकायचा कंटाळा आहे हो..."

इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

त्याच्याच घरी मला खोली मिळाली. त्याची आई शेगडीशी बसून मला म्हणाली, "तुझा भाऊ तुला मिळो, पोरी. पण बर्फ पडलं की जमिनीतला बटाटा काळा पडतो. आणि हा वर गेला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

"माणूस मिळालाच नाही तर तो रकाना कोण भरतं, मावशी?"

"रक्ताचं माणूस. दुसऱ्या कुणाला हक्क नाही." तिनं मान फिरवली.

रोज सकाळी मी त्याच्या थर्मासमध्ये चहा भरून द्यायचे.

"कालचा चहा काय कडू होता! मला कड्यावरून ढकलायचा बेत दिसतोय."

"साखर परत आल्यावर मिळेल."

"मग यावंच लागेल..." तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी त्याच्या बुटांच्या नाड्यांकडे. मला माझीच लाज वाटली. भाऊ वर कुठंतरी थंडीत पडलेला, आणि मी इथं कुणाची नजर चुकवत होते! पण आवडायला लागला होता तो मला. त्याला मी तरी काय करणार?

सहाव्या दिवशी दुपारीच बर्फ भुरभुरायला लागलं. दोन वाजता येणारा माणूस चार वाजले तरी आला नाही. चौकीत मी वही उघडून बसले होते. आता रिकामे रकाने दोन झाले होते. 'देवा, त्याला आण, सुखरूप आण' असं मी कितीतरी वेळ पुटपुटत होते. मग एकदम लक्षात आलं, त्यात भाऊ एकदाही नव्हता. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

तो लंगडत आला. भुवया पांढऱ्या, तळहात सोलवटलेला.

"साखर काढा," तो म्हणाला. "उद्या पलीकडची घळ बघतो. तेवढीच राहिलीय..."

मी पेन उचललं. भावाच्या नावापुढे लिहिलं — आला नाही.

त्यानं टोपी काढली.

"उद्या बटाटे काढायचे," मी हुंदके देत म्हणाले. "मी पण येणार. कुदळ कशी धरतात ते दाखवा."

"हातांना फोड येतील."

"येऊ देत."

त्यानं माझ्या हातून पेन घेतलं आणि त्या सोलवटलेल्या हातानं स्वतःच्या नावापुढे परतीची वेळ लिहिली. चार वाजून वीस मिनिटं. मग पेन खाली ठेवलं, आणि माझा हात धरला.