ताईचा गाऊन

हे रचलेलं नाही. रचायला वेळ कुठे आहे? पिल्लू निजलंय तेवढ्यात एका हाताने टाइप करतेय.

मागच्या महिन्यातला मंगळवार. दुपारचे अडीच. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं दोन खोल्यांचं घर. नवरा छापखान्यात, पहिल्या पाळीला. घरात फक्त मी आणि सात महिन्यांचं पिल्लू.

बाळंतपणात माझे टाके चिघळले होते. पहिले चार महिने पिल्लाला सांभाळलं ते माझ्या मोठ्या बहिणीने. ताई नर्स होती. तळहाताची वाटी करून थोपटायची, वॉर्डातली सवय. दोन मिनिटांत पिल्लू गाढ. मग मला चिडवायची, "तू नुसती दूधवाली गं. आई मीच त्याची."

मी हसायचे. पण लागायचं.

मग ताई ड्यूटीवर परतली... आणि तिसऱ्याच दिवशी वॉर्डात कोसळली. पुन्हा उठली नाही.

पिल्लू झोपेना. माझ्याकडे राहीना. रडून रडून काळंनिळं व्हायचं. शेवटी ताईचा मागे राहिलेला, न धुतलेला गाऊन मी अंगात घातला. तिच्यासारखं थोपटलं. तिच्यासारखं घोगऱ्या आवाजात "माझं गाठोडं गं ते" म्हटलं.

झोपलं.

मग रोजच तसं. हळूहळू माझी चालही तिच्यासारखी झाली म्हणे. नवरा एकदा म्हणाला, घरात मेव्हणीच वावरतेय असं वाटतं. म्हणताना तो हसला नाही.

त्या मंगळवारीही गाऊन घालून थोपटत बसले होते. दार अर्धवट लोटलेलं.

आणि स्वयंपाकघरात... भांडं सरकलं.

माझा हात थांबला.

तिकडून आवाज आला. दबका, थकलेला.

"ताई... निजलं का गं?"

तो आवाज ताईचा नव्हता.

माझा होता.

चार महिने रोज दुपारी मी हेच, अगदी असंच विचारायचे.

पण त्याहून वाईट पुढे घडलं. माझं तोंड आपसूक उघडलं.

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय."

घोगरा आवाज. शब्द ताईचे. बोलले मात्र मी.

पावलं निघाली. अनवाणी. टाके दुखायचे तेव्हा मी भिंत धरून चालायचे, तशीच. एक पाऊल... मग भिंतीवर तळहात घासल्याचा आवाज... मग दुसरं पाऊल...

पिल्लू जागं झालं. त्याने दाराकडे पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि हसलं. माझ्याकडे बघून ते तसं कधीच हसलं नव्हतं.

मी गाऊन ओरबाडून काढला. बटणं तुटून उडाली. पिल्लाला छातीशी घट्ट धरलं आणि माझ्या आवाजात, जमेल तसं म्हटलं, "आई मी आहे त्याची."

पावलं दारापाशी थांबली.

परतल्याचा आवाज आला नाही.

चारला नवरा आला, तेव्हाच मी खोलीबाहेर पडले. घरात कोणी नव्हतं. त्याच संध्याकाळी गाऊन गरम पाण्यात धुतला. आता पिल्लू माझ्याकडेच झोपतं. नवरा म्हणतो, तुझी झोप होत नाही, त्याचे भास हे. असतीलही.

काल पिल्लाने पहिल्यांदा "आई" म्हटलं. माझ्या कडेवर होतं. हात माझ्या गळ्यात होते.

बघत मात्र स्वयंपाकघराकडे होतं.