शेजारची हातमोज्यांची जोडी

विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. पण हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत खरंच घडलंय, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

रविवार होता. भर दुपारचे दोन.

ताईच्या प्रयोगशाळेत सुपरकपॅसिटर बनतात. बॅटरीचा चुलतभाऊच, फक्त क्षणात विजेने भरणारा. कार्बनच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप दिलेल्या चकत्या दाबून सेल करायचे. जोरात दाबलं की लेपातली भोकं बुजतात, हलकं दाबलं की लेप सुटतो. ताईचे सगळे सेल फसत होते. सोमवारी चांगले दाखवले नाहीत, तर नोकरी जाणार होती.

हे काम काचेच्या बंद पेटीत चालतं. आत हवा नाही, नुसता आर्गॉन वायू. बाहेरून हात घालून काम करायला पेटीला रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या. आतल्या दाबाने रिकामे मोजे बाहेर फुगून राहतात.

आपोआप आत कधीच जात नाहीत.

एकट्याने काम करायला मनाई होती. नोंदवहीत दोन नावं लागायची. जोडीला कोणी नसलं की सगळे गमतीत 'तात्या' लिहीत. तात्या तिथले जुने तंत्रज्ञ. वारून सहा महिने झाले होते.

ताईनेही लिहिलं... तात्या.

कोपरापर्यंत हात घालून ती कामाला लागली. तेवढ्यात शेजारी रबर करकरलं...

डावा मोजा हळूहळू आत चालला होता.

मग उजवा.

बाहेर कोणीच नव्हतं.

एकेक बोट भरत गेलं...

तिने हात मागे ओढले. निघेनात. त्या मोज्यांनी तिची मनगटं धरली होती. घट्ट नाही, लहान मुलाला अक्षर गिरवायला शिकवताना धरतात तसं.

"तात्या, सोडा हो. चुकलं माझं."

तिचा हात चकतीवर टेकवला गेला. हलका दाब... थांबणं... पुन्हा दाब.

हाका मारून तिचा घसा बसला. सुट्टीच्या दिवशी ऐकणार कोण?

दोन तासांनी, बारावा सेल झाल्यावर पकड सुटली. पर्स तिथेच टाकून ती पळाली.

नवा सेल रिकामा असतो. सोमवारी मीटर लावला, तर बाराही भरलेले. चाचणीत तर असे आकडे कोणी पाहिलेच नव्हते. साहेब बेहद्द खूश.

"दोन वर्षं ठेवतो तुला. असेच दोनशे कर. आता हात बसलाय तुझा."

तेव्हापासून ती रोज दोन वाजता त्या पेटीपाशी बसते. शेजारची जोडीही रोज आत येते...

"सोड ना ती नोकरी," मी परवा म्हटलं.

"राजीनामा लिहायला तीनदा बसले गं. लिहिताच येत नाही."

शेवटी मीच लिहून दिला. फक्त सही करायची होती. ताईने पेन हातात घेतलं, कागदावर टेकवलं...

आणि हात तिथेच थांबला, कोणी मनगट धरल्यासारखा.

पाऊण तास आम्ही दोघी त्या हाताकडे बघत बसलो होतो.