कंसातल्या ओळी

एक जुनी लायब्ररी बंद पडली आणि तिथली पुस्तकं मिळेल त्याला वाटायला काढली, तेव्हा बहिणीने सहा खंडांची एक ऐतिहासिक कादंबरी दोन पिशव्यांत भरून घरी आणली. स्वतःसाठी नव्हे, दादासाठी. दादाने एकतीस वर्षं मालट्रक चालवला होता. साखरेने त्याचे डोळे नेले तेव्हा माणसांचे चेहरे दिसणार नाहीत याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. रस्ते गेले याचं वाटलं. आता तो पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीपाशी आरामखुर्ची टाकून, काळा चष्मा लावून बसायचा. जेवणं आटोपली की बहीण वाचायला घ्यायची आणि दादा खुर्चीतूनच परमुलखाच्या वाटेला लागायचा.

ऐकणाराही साधासुधा नव्हता.

"एका दिवसात ऐंशी कोस? घोडे होते की विमानं? मध्ये पाणी कुठे पाजलं ते वाच."

"ते लिहिलेलं नाही, दादा."

"मग लिहिणाऱ्याने जन्मात गाडी हाकलेली नाही. चल पुढे."

बहिणीचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता. तिच्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटायची नाही, म्हणून तिथे तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. पण तिला मारामारी सोसायची नाही, आणि कादंबरीत तर पानापानाला मुडदे पडत होते. त्यात डॉक्टरांनी बजावलं होतं की दादाच्या मनाला धक्का बसेल असं काही नको. मग ती सकाळीच पुढचं प्रकरण वाचून ठेवायची, नको त्या मजकुराला पेन्सिलीने हलका कंस घालायची आणि दुपारी तेवढं गाळायची. उभा जन्म दुसऱ्यांचं लिखाण कापण्यात गेलेली बाई ती. सांधा कळू देते थोडीच!

पहिला कंस तटावरच्या लढाईत पडला. एक शिपाई तटाच्या कडेला लोंबकळतो, वरचा माणूस कुऱ्हाड घालतो, डाव्या हाताची तीन बोटं दगडावरच राहतात आणि शिपाई खाली जातो. तिने वाचलं, "शिपाई खाली पडला," आणि पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या सुताराची किंकाळी आली. ती धावत खाली गेली. यंत्राची करवत अजून फिरत होती. सुतार भिंतीला टेकून बसला होता आणि डावा हात उजव्या हाताने घट्ट धरून, "बघा हो, बघा हो," एवढंच म्हणत होता. भुशात तीन बोटं पडली होती. तिनेच ती रुमालात उचलली. अजून गरम होती.

तिला वाईट वाटलं, पण दुसरं काही वाटलं नाही. करवतीशी खेळ म्हटल्यावर हे कधीतरी व्हायचंच.

दुसऱ्या खंडात एका जासुदाला फितूर समजून बाजारातली माणसं दगडांनी ठेचतात. दीड पान होतं. त्याचा डावा डोळा आधी फुटतो, मग जबडा, आणि तो शेवटपर्यंत हातातली थैली सोडत नाही. तिने दीडच्या दीड पान कंसात घातलं. चौथ्या दिवशी घरोघर पार्सलं पोचवणाऱ्या माणसाला कोपऱ्यावरच्या लोकांनी चोर समजून धरलं. तिने खिडकीतून पाहिलं. रोजची माणसं होती: इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातला, शेजारच्या इमारतीतले मास्तर. मास्तरांच्या हातात वीट होती. पार्सलवाल्याचा डावा डोळा उरला नव्हता आणि त्याची पिशवी पोटाशी तशीच होती. पहिली हाक कुणी घातली हे नंतर कुणालाच सांगता येईना. तो इस्पितळात पोचायच्या आधीच गेला.

"खाली काय गोंधळ आहे?" दादाने विचारलं.

"भांडण आहे कसलं तरी," ती म्हणाली. तिने हेही गाळलं.

त्या संध्याकाळी तिने दोन्ही खंड काढले आणि पेन्सिलीच्या खुणा बोटाने तपासत गेली. मग स्वतःवरच चिडली. साठीला आलीस आणि असल्या भाकडकथा! तरी दुसऱ्या दिवसापासून तिने काहीही गाळलं नाही. तिसरा, चौथा, पाचवा खंड तिने दातओठ खाऊन वाचला: कापलेली मुंडकी, उकळतं तेल, विहिरीत ढकललेल्या बायका. दादा गप्प ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "वाईट झालं गं. पण घाट कुठून उतरले ते सांग." या सगळ्या दिवसांत गल्लीत कुणाला ओरखडाही उठला नाही.

तिची शंका मात्र जाईना. म्हणून एकदा तिने मुद्दाम एक वाक्य सोडलं. सगळ्यात लहान शोधून काढलं होतं. "वाटेत एका सैनिकाने गंमत म्हणून कबुतराच्या छातीत बाण मारला." नऊ शब्द.

ते प्रकरण संपायच्या आत खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी आपटलं. कबूतर होतं. छातीतून छत्रीची काडी आरपार गेली होती आणि पंख अजून हलत होते. नुसतं बघण्यासाठी आपण एक जीव घेतला, या विचाराने तिला रडू आलं. पुस्तक जाळावं असंही वाटलं. पण न वाचलेलं पुस्तक म्हणजे तरी काय? सगळंच गाळलेलं.

सहाव्या खंडात तिला ते प्रकरण दिसलं.

सैन्याला डोंगरातून नेणारा एक म्हातारा आंधळा वाटाड्या पहिल्या खंडापासून सोबत होता. पायाखालचा दगड चाचपून वाट सांगायचा. दादाचा तो जीव की प्राण. "हा आपल्यातला माणूस," म्हणायचा. आता लढाई हरलेले तिघे त्याच्या घराचा माग काढत येतात. दार वाजतं. वाटाड्या पाहुणे समजून त्यांना आपणच वर बोलावतो. एक जण त्याचे केस धरतो, दुसरा त्याच्या गुडघ्यांवर बसतो, तिसरा सुरीने गळा चिरतो. सावकाश, कारण सुरी बोथट आहे. दोन पानं.

दादाला सांगून टाकावं का? तो हसेल तरी, नाहीतर घाबरेल, आणि घाबरणं तर त्याला अजिबात नको होतं. नुसतं नीट वाचलं की झालं, तिने ठरवलं. एक अक्षर सोडायचं नाही.

दुपारी तिने खुर्ची ओढली, मुद्रितं तपासायची तसं ओळीखाली बोट धरलं आणि सुरुवात केली. मान वर केली नाही. मान वर केली की ओळ सुटते, हे तिला पहिल्या नोकरीतच शिकवलं होतं. काना, मात्रा, स्वल्पविराम, सगळं तिने वाचलं. सुरीपाशीही थांबली नाही. दादाने एकदाही अडवलं नाही. त्याला वाईट वाटत असेल, असं तिला वाटलं. शेवटचा पूर्णविराम आला तेव्हा तिची पाठ घामाने भिजली होती आणि इतका हलकेपणा तिला कित्येक दिवसांत वाटला नव्हता.

"संपलं, दादा."

दादा खुर्चीत मागे रेललेला होता. काळ्या चष्म्यामागे काय चाललंय ते कधी कळलंय!

"दादा?"

"अं?" तो दचकून सरळ बसला. "डुलकी लागली गं जरा. तू वाच ना. त्याचं दार वाजलं, तिथवर ऐकलंय मी."

म्हणजे त्यापुढचं सगळं गाळल्यातच जमा होतं. घाईघाईने ती पानं मागे उलटू लागली. दोन पानं, फक्त दोन पानं. सापडलं. "दार वाजलं," तिने वाचलं.

खाली दार वाजलं.

फार जोरात नाही. तीनदा.

पुढच्या ओळीखाली तिचं बोट होतं. या खेपेला ती अजून वाचायची होती.

दादाने दाराकडे तोंड वळवलं. पाहुणे आल्यावर हसायचा तसा हसला आणि मोठ्याने म्हणाला, "कडी काढलेलीच आहे, वर या! जरा जपून, नववी पायरी तुटकी आहे."

तिने बोटाखालची ओळ पाहिली. एका अक्षराचाही फरक नव्हता.

त्यांच्या जिन्याची एकही पायरी तुटकी नव्हती. ती पावलं मोजत राहिली. नवव्या पायरीवर कुणीतरी अडखळलं.