सव्वादोन अँपियर

बारामतीत भिगवण रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गाडी सुरू झाली नाही की लोक आधी बॅटरीला शिव्या घालतात, मग कंपनीला, आणि शेवटी माझ्याकडे येतात. बॅटरी बहुतेक वेळा निर्दोष असते. कुठंतरी वायर सोललेली असते, नाहीतर डिकीतला दिवा जळत राहिलेला असतो. करंट कुठंतरी जातोच. तो कुठं जातो तेवढं शोधायचं, हा माझा धंदा. भुतंखेतं, देवदेवस्की तर माझ्या वडिलांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर काढली होती. त्यामुळं पिंपळीच्या गाडीकडे मी गाडी म्हणूनच बघितलं.

ही त्र्याण्णव सालच्या डिसेंबरातली गोष्ट. पिंपळीचे रघुनाथराव पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. घरात ते आणि त्यांच्या पत्नी इंदिराबाई, दोघंच. गाडी एकाहत्तर सालची अँबॅसिडर, इंदापूरला लिलावात घेतलेली. रोज रात्री बॅटरी चार्ज करून लावायची आणि दुसऱ्या संध्याकाळी सेल्फ मारला की नुसता टक् आवाज, असं महिनाभर चाललं होतं.

"हिच्या हृदयाची झडप खराब झालीय," रघुनाथराव म्हणाले. "धाप लागली की अर्ध्या तासात दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलंय. हँडल मारायला माझा खांदा राहिला नाही, आणि ढकलायला माणसं गोळा करीपर्यंत अर्धा तास संपतो. गाडी सुरू झाली पाहिजे, सोमनाथ. बाकी मला काही नको."

मी बॉनेट उघडलं. सगळं बंद करून बॅटरीपासून बॉडीला जाणाऱ्या केबलमध्ये मीटर लावला. काटा शून्यावर पाहिजे. तो सव्वादोन अँपियरवर होता.

जुन्या गाड्यांत डायनामोचा कट-आऊट चिकटतो आणि बॅटरी उलटी डायनामोत रिकामी होते. माझा पहिला संशय तोच. डायनामोच्या वायरी काढल्या. काटा हलला नाही. दोन्ही फ्यूज काढले, हॉर्न काढला, दिव्यांची वायर सोडली. काटा तिथंच. शेवटी सेल्फकडे जाणारी जाड केबलही बॅटरीवरून उचलली. आता बॅटरीला एकच केबल राहिली, बॉडीला जाणारी. एका वायरीतून करंट जात नाही, हे आयटीआयच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.

काटा सव्वादोनवरच होता.

मी मीटर बदलला. दुसरा मीटरही तेच म्हणाला. ती राहिलेली केबल सुटी केली, तेव्हा काटा शून्यावर आला.

माझी पद्धत अशी, की कारण सापडलं नाही तरी इलाज अडत नाही. त्या केबलवर कट-ऑफ स्विच बसवला. गाडी उभी केली की स्विच बंद करायचा, म्हणजे बॅटरी सुटी. दुसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन बघितलं. अर्ध्या सेल्फला इंजिन लागलं. रघुनाथराव लहान पोरासारखे हसले आणि मलाही बरं वाटलं.

इंदिराबाई मात्र बाहेर आल्या नाहीत. त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या भामाबाई फाटकापर्यंत माझ्या मागं आल्या.

"काय केलंस रं गाडीला?"

"दुरुस्त केली, मावशी."

"गाडी बंद पडायची तवा बाई अंगणात फिरायच्या. कालपासनं उठल्या न्हाईत. मी काय म्हन्त न्हाय. दिसलं ते सांगितलं."

मी स्कूटरला किक मारली. असल्या बोलण्याला उत्तर देत बसलं तर धंदा होत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन आला. इंदिराबाईंचे ओठ निळे पडले होते. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली आणि वीस मिनिटांत बारामतीच्या दवाखान्यात पोचली. मी तिथं गेलो तेव्हा रघुनाथराव आवारात गाडीला टेकून उभे होते.

"डॉक्टर म्हणतात, मुलांना कळवा."

मी काय करतोय हे मला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. बॉनेट उघडलं, मीटर लावला, कट-ऑफ चालू केला. काटा सव्वादोनवर गेला. थांबला. मग चारवर, मग सातवर चढला. असा भुकेला काटा मी कधी बघितला नव्हता.

रघुनाथराव आत गेले. वीस मिनिटांनी परत आले.

"उठून बसलीय. चहा मागतेय."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला भीती वाटली.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना ते पटलं नसावं. पण त्या दिवसापासून आम्ही दोन बॅटऱ्या ठेवल्या. एक गाडीत, एक माझ्या चार्जिंगवर. रोज संध्याकाळी मी पिंपळीला जाऊन बदलायचो. इंदिराबाई घरी आल्या, अंगणात फिरू लागल्या, पुढं दळण आणायला जाऊ लागल्या. आधी बॅटरी दिवसभर पुरायची. जानेवारी संपता संपता दुपारीच संपायला लागली.

फेब्रुवारीत मला आठवडाभर इंदापूरला जावं लागलं, ट्रॅक्टरांच्या वायरिंगचं काम होतं. बॅटरी बदलायला मी ओळखीचा माणूस लावून दिला. परत आलो तर तो म्हणाला, चार दिवसांपूर्वीच साहेबांनी नको म्हणून सांगितलं.

चार्ज केलेली बॅटरी स्कूटरवर पुढ्यात घेऊन मी तसाच पिंपळीला निघालो. चारचं ऊन होतं. फाटकातून एका हातात बॅटरी घेऊन आत गेलो. गाडीचं बॉनेट उघडं होतं. बॅटरीची जागा रिकामी होती आणि दोन्ही केबली लोंबत होत्या.

रघुनाथराव व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"मीच काढली," ते म्हणाले. आवाज ऐकायला मला पुढं जावं लागलं. "बत्तीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढली मी. माणूस बॅटरीवर जगतो, हे किती दिवस मानायचं? म्हटलं, काढून बघू. बघ, काही झालं का तिला? ठणठणीत आहे."

"आणि तुम्ही, साहेब?"

"मला काय धाड भरलीय? जरा दमल्यासारखं वाटतं."

त्यांची बोटं कातडी ओढलेल्या काड्यांसारखी झाली होती. खुर्चीच्या हातावरून त्यांना ती उचलता येत नव्हती.

"मावशी कुठायत?"

"भामा?" इंदिराबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. गाल भरलेले, पांढरे केस काळेभोर झालेले. "ती तीन दिवस झाले अंथरुणावर आहे. काय झालंय, कुणाला कळत नाही. तुम्ही बसा ना."

मी बसलो. बसायला नको होतं. चहा चांगला होता, आल्याचा. त्या समोरच्या खुर्चीत बसून मला वायरिंगच्या कामाचं विचारत होत्या आणि मी सांगत होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं, की कप धरायला मला दोन्ही हात लागतायत.

रघुनाथरावांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

गाडी दहा पावलांवर होती. बॅटरी माझ्या पायाशी. नुसती बॉडीची केबल जोडायची होती, दुसरीची गरजच नव्हती.

मी कप ठेवला. वाकलो.

बॅटरीला दोन्ही हात घातले.

ती जमिनीवरून सुटली नाही.

"राहू द्या हो," इंदिराबाई म्हणाल्या. "घाई काय आहे? बसा अजून थोडा वेळ."