जिवतीचा खिळा

गोंदियाहून तिरोड्याला निघालेल्या बसमध्ये हर्षा चढली आणि बायकांनी रिकाम्या जागांवर पटापट पिशव्या ठेवल्या. गेली दोन वर्षं ती टीव्हीवर भुलवंती नावाच्या टोनहीचं, म्हणजे चेटकिणीचं काम करत होती. ही भुलवंती रोज देवीपुढे दिवा लावायची आणि त्याच दिव्यावर काजळ धरून गावाला भूल घालायची. ती खरी भक्त की खरी टोनही, यावर घरोघर वाद चालायचे. मालिका संपली, वाद मात्र हर्षाच्या मागोमाग गावी आला.

एक तरुण तेवढा धानाच्या बियाण्याची थैली मांडीवर घेऊन खिडकीकडे सरकला.

"बसा. मंतर माराचाच असंन तं या बियान्यावर मारा."

"कॅमेरा नसला तं माहा मंतर चालत नाही," ती म्हणाली... आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसली.

त्याचं नाव वीरेंद्र. त्या थैलीतल्या बियाण्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, हातभर वाढले, तोवर दोघंही एकमेकांत पुरते गुंतले होते.

पण त्याच्या आईने, सुलोचनाबाईंनी, साफ सांगून टाकलं होतं की टोनही आपला उंबरठा ओलांडणार नाही. मग गोंदियाला जाऊन कोर्टात लग्न करू, असं वीरेंद्रने सुचवलं. हर्षाने ते उडवूनच लावलं.

"पळून गेलो तं म्हनतील, पोट्ट्याले भूल घातली. मी समोरच्या दारानं येईन."

आषाढातल्या जिवतीच्या अमावस्येला करणी घरात शिरू नये म्हणून दारोदार कडुलिंबाची डहाळी लागते आणि लोहार चौकटीत खिळा ठोकतो. मंगरू लोहार सुलोचनाबाईंच्या दाराशी पोचला, तेव्हा अंगणात हर्षा उभी होती. शेजारच्या बायका कुंपणाशी गोळा झाल्या.

"मंगरूकाका, पक्का ठोका."

खिळा पुरता आत गेल्यावर तिने सुलोचनाबाईंकडे पाहिलं.

"मावशी, हा खिळा असला तं टोनही आत येऊ शकत नाही ना?"

'येऊ शकते' असं म्हणायची सोयच नव्हती. त्या चौकटीत सुलोचनाबाईंच्या आजेसासूच्या काळापासूनचे खिळे होते.

हर्षाने चपला काढल्या आणि उजवं पाऊल आत टाकलं. काहीच झालं नाही. पागोळ्या तेवढ्या गळत राहिल्या.

सुलोचनाबाईंनी खिळ्याकडे पाहिलं, कुंपणाशी जमलेल्या बायकांकडे पाहिलं आणि शेवटी देवघराकडे बोट केलं.

"माह्या घरचा खिळा खोटा नाही. जाय, दिवा लाव... काजळ नको धरू पन."

हर्षा वात पुढे सारत होती. वीरेंद्र काडेपेटी घेऊन तिच्या शेजारी बसला.

"भूल तं मले बसमंदीच पडली होती," तो हळूच म्हणाला.

"बसच्या दाराले खिळा नव्हता ना," हर्षा म्हणाली आणि तिने दिवा लावला.