ब्रेकआधीची सरळ रेघ

चौऱ्याहत्तर सालच्या मार्चमध्ये ब्रेकच्या चाचणीत निशाण दाखवणाऱ्या भिवाकाकांना ताप आला आणि ट्रॅकवरचं लाल निशाण माझ्या हातात आलं. एरवी मी, कस्तुरा, पिंपरीच्या आमच्या ट्रक कंपनीत टेस्टिंग खात्यात बसून आलेख काढायची. साठच्या वेगानं ट्रक पांढऱ्या पट्ट्यावर आला, मी ब्रेकची खूण म्हणून निशाण पाडलं… आणि तो मला ओलांडून कितीतरी पुढे जाऊन थांबला!

ड्रायव्हर खाली उतरला. ज्योतीराम. घामेजलेला, तरी हसत होता.

"भिवाकाका कुठायत?"

"तापानं पडलेत. तुम्ही पुढे बघून चालवा."

"पुढेच बघत होतो… पुढे तुम्ही होता."

मी रागावल्यासारखं केलं. कान मात्र तापले होते.

आणखी दोन फेऱ्या तशाच गेल्या. मग ट्रकमधल्या यंत्राच्या नोंदींवरून मी आलेख काढला. आडवे सेकंद, उभा वेग. निशाण पडल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत वेग तोच, म्हणून रेघ सरळ, मग उतार. रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे ट्रकनं कापलेलं अंतर. उतार तिन्ही वेळा सारखा, म्हणजे ब्रेक ठणठणीत. पण सरळ रेघ दीड सेकंदाची! अंतर त्रेपन्न मीटर. चाळिसाच्या आत थांबला तरच ज्योतीराम नोकरीत कायम होणार होता.

आमच्या खात्याच्या रंगरावसाहेबांनी कागद पाहिला. "ब्रेक चांगले आहेत. माणूसच सुस्त आहे. उद्यापासून नको तो."

गप्प बसले तर त्याची नोकरी जाणार, बोलले तर खात्यात माझी चर्चा होणार.

"साहेब, मागचे आलेख बघा. भिवाकाका असताना त्याला पाऊण सेकंदही लागत नाही."

"मग आज काय झालं?"

"आज… मी होते."

सगळ्या माना वळल्या. साहेबांनी चष्मा काढला आणि दाराशी उभ्या मदतनिसाकडे वळले. "सोनबा, निशाण तू घे. बाई, तुम्ही इथेच बसा. खिडकीपासून लांब."

मी टेबलाची कड घट्ट धरून बसले. ट्रकचा आवाज जवळ आला, ब्रेक किंचाळले… नोंदींचा कागद आला, मी आलेख काढला. सरळ रेघ सात दशांश सेकंद. अंतर साडेएकोणचाळीस मीटर. मी दोनदा मोजलं.

ज्योतीराम दारात आला. आता तो हसत नव्हता.

"सोनबा म्हणाला, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात… माझ्यासाठी?"

"आलेख खोटा कसा काढू?"

"एवढंच?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडता."

तो चौकट धरून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "रविवारी काळेवाडीला तुमच्या घरी आलो, तर आधी कुणाशी बोलू? तुमच्या आईशी, की वडिलांशी?"

"वडिलांशी. आईला मी आजच सांगते."