नखभर अंतर

"गाडी गुदमरतेय तुमची," मागून कुणीतरी म्हणालं.

ठिणगीने बॉनेटखालून डोकंही बाहेर काढलं नाही. सकाळपासून या चढावर जो येत होता तो शहाणपण शिकवून जात होता. प्लग बदला. पॉइंट घासा. दूधवाल्याने तर "घरात कुणी पुरुषमाणूस नाही का?" असंही विचारलं होतं. तिच्या हातातला पाना हातातच राहिला, हे त्याचं नशीब.

"गुदमरतेय हे मलाही कळतं. का ते सांगायचं असेल तर थांबा. नाहीतर रस्ता मोकळा आहे."

"का ते नाही माहीत. मी पियानो जुळवतो."

आता मात्र ती बाहेर आली. समोर एक किडकिडीत माणूस उभा होता, खांद्याला चामड्याची पिशवी, आणि हसू दाबून धरल्यामुळे ओठ जरा वाकडे.

"पियानो?"

"हो. त्यामुळे मला फक्त ऐकू येतं. आधी बरी चालते... मग आवाज जड होतो. पोट भरलेल्याला कुणी आग्रहाने वाढत राहावं, तसा. आणि मग बंद."

ठिणगीला सगळ्यात जास्त राग याचा आला, की ते खरं होतं. गाडीच्या मागे काळा धूर होता, पेट्रोलचा वास तिच्या ओढणीपर्यंत पोहोचला होता. कार्बोरेटर तिने स्वतः उघडला होता, स्वतः धुतला होता, नवी सुई आणि नवी वायसरं घालून स्वतः बसवला होता. आणि तरीही गाडी या चढाच्या मध्यावर येऊन हट्टी म्हातारीसारखी बसत होती.

"धक्का मारता येतो का, की तेही फक्त ऐकू येतं?" तिने विचारलं.

त्याने पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि बाह्या वर केल्या.

गाडी बाबांची होती. बाबा थंडीत गेले, आणि उन्हाळा लागायच्या आत खालचं घर रिकामं करायचं ठरलं. दादा चढाच्या माथ्यावर राहायचा. "गाडी स्वतःच्या पायांनी माझ्या अंगणापर्यंत आली तर राहील तिथे," त्याने सांगितलं होतं. "नाहीतर रविवारी भंगारवाला येईल. मी काही ती दोरीने ओढत आणणार नाही, ठिणगे."

भंगारवाला! हा शब्द दादाच्या तोंडून इतक्या सहज निघाला, की त्या दिवसापासून तिने त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

पियानोवाला दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्याही. खालच्या घराच्या शेडमध्ये, दाराशी उलट्या डब्यावर बसून तो इंजिन ऐकायचा आणि तिचं ऐकून घ्यायचा. दुसरं काम जास्त कठीण होतं.

"ठिणगी म्हणतात तुम्हाला?" एकदा त्याने विचारलं. "आणि तरी गाडी पेटत नाही?"

"हा विनोद लहानपणापासून ऐकतेय मी."

"मग नवा शोधतो. उद्यापर्यंत वेळ द्या..."

ती हसली नाही. निदान तोंड त्याच्याकडे असताना तरी नाही.

रविवारी सकाळी कार्बोरेटर पुन्हा टेबलावर उघडा पडला होता. ठिणगीचे डोळे तांबारले होते, आवाज चढला होता.

"यात चुकणार काय, सांगा ना! हा फ्लोट. कपात पेट्रोल भरलं की हा तरंगत वर येतो आणि सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. वेळेवर बंद केली नाही तर इंजिनात पूर. म्हणून झाकण उलटं धरून फ्लोट किती उंच बसतो ते बघायचं. नखभर. बस्स. नखभरच ठेवलंय मी!"

"पुस्तकात तसं लिहिलंय?"

"पुस्तक कसलं! कार्बोरेटर या गाडीचा नाहीच. बाबांनी दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा घासूनपुसून बसवला. ते नेहमी सांगायचे, इथे नखभर ठेवायचं. अंगठ्याच्या नखाइतकं."

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. काळ्या तेलाने माखलेला छोटासा अंगठा, आणि त्यावर त्याहून छोटं नख.

"काय बघताय?" ती तडकली.

"काही नाही. छान आहे..." तो चक्क लाजला. "पण — कुणाच्या नखाइतकं?"

ठिणगीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या झाकणाकडे. आणि मग जी भडकली, ती थेट गेलेल्या माणसावर.

"जगात मोजपट्ट्या आहेत, बाबा! दुकानात मिळतात! आपल्या बोटांनी कसलं जग मोजत बसलात? आता ते नख मी आणू कुठून?"

तिने डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. चेहरा आला, खोकला आला, पायजम्याची गाठ आली. नख येईना. पियानोवाल्याने तिला समजावलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. फक्त स्वतःचा स्वच्छ रुमाल टेबलावर तिच्या बाजूला सरकवला. तिने तो उचलला आणि रागारागाने झाकण पुसलं.

बाहेर दादाच्या गाडीचं दार वाजलं.

"ठिणगे, तो माणूस तासाभरात येतोय," दादा आत येत म्हणाला. "मलाही काही मजा येत नाहीये. पण आता —" त्याने दाराच्या चौकटीवर हात टेकला.

ठिणगी त्या हाताकडे बघतच राहिली. रुंद, चपटा अंगठा. त्यावर फावड्यासारखं नख. हुबेहूब बाबांचं.

"दादा, अंगठा दे."

"अंगठा? मला सही येते."

"दे म्हटलं ना!"

तिने त्याचा हात ओढून झाकणाशी धरला. नख उभं राहिलं आणि फ्लोट त्याच्या कडेला अडला. केवढा तरी फरक होता. ती फ्लोटची सुई दाबणारी पितळेची इवलीशी पट्टी वाकवू लागली, पुन्हा नख लावलं, पुन्हा जराशी वाकवली. दादाला कळलं होतं. हात मात्र त्याने काढून घेतला नाही, काम झाल्यावरही थोडा वेळ.

"भंगारवाल्याला काय सांगू?" त्याने विचारलं.

"सांग, पत्ता चुकलास म्हणून."

गाडी चढाला लागली. दादा मागून त्याच्या गाडीने येत होता. ठिणगी श्वास रोखून बसली होती, शेजारी पियानोवाला. वळण गेलं. ती रोजची बसकण मारायची जागाही मागे पडली. धूर नाही, वास नाही.

"तुम्हाला कुठे सोडू?" ती म्हणाली. "पियानो कुठे आहे आज?"

"कुठेच नाही."

"म्हणजे?"

"या भागात कुणाकडेच पियानो नाहीये. पहिल्या दिवशी मी रस्ता चुकलो होतो. त्यानंतर... चुकलो नाही."

ठिणगीने भर चढावर कचकन ब्रेक मारला.

"इतके दिवस! इतके दिवस डब्यावर बसून माझ्या शिव्या खाल्ल्या आणि हे आत्ता सांगतोयस? तोंड नव्हतं तुला? मी समजत होते, कामाच्या वाटेवर आहे म्हणून थांबतो — मी रोज मुद्दाम उशिरा —"

ती थांबली. 'तू' केव्हा झालं ते दोघांनाही कळलं नाही, पण ऐकू मात्र दोघांनाही आलं.

"रोज मुद्दाम उशिरा काय?" त्याने हळूच विचारलं.

"...शेड बंद करायचे," ती आणखीच संतापून म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. इंजिन जागेवर शांतपणे चालत होतं.

मागून हॉर्न वाजला. मग दादाची गाडी शेजारी येऊन उभी राहिली, काच खाली झाली.

"परत बंद पडली?"

"नाही! भांडतोय आम्ही!"

दादाने तिच्याकडे पाहिलं, मग त्या किडकिडीत माणसाकडे. आपली बहीण परक्या माणसाशी दोन वाक्यांपलीकडे भांडत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"सावकाश भांडा," त्याने गिअर टाकला. "मी पुढे होऊन चहा टाकतो. तिघांचा."